कॉम्प्युटरचं डबडं झालं म्हणण्याआधी

“कॉम्प्युटर फार स्लो झालाय. रॅम वाढवू की नवाच घेऊ?” हा प्रश्न नगर जिल्ह्याच्या चारही बाजूंनी येतो. विचारणारे निरनिराळे असतात. कुणी पाथर्डीकडे सेतू केंद्र चालवतात, कुणी संगमनेरला लग्नपत्रिकांचं डीटीपी करतात, कुणी राहात्याकडच्या दूध संस्थेचे सचिव, कुणी मुलीला नुकतंच एमएस-सीआयटी लावलेले पालक. प्रश्नाचे शब्द मात्र तेच असतात आणि त्यांत एक गोष्ट हटकून राहून जाते: कॉम्प्युटर नेमका कशात स्लो आहे? सुरू होताना, फाईल उघडताना, की वेबसाइटवर फॉर्म भरताना? या तिन्हींची कारणं वेगळी असतात, त्यामुळे खर्चही वेगळा येतो.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद केली आणि “आता हा चालायचाच नाही” म्हणायला अनेक दुकानदारांना आयतं निमित्त मिळालं. कॉम्प्युटर चालतो. चालण्यात धोका काय, ते पुढे सांगतो. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

स्लो कोण आहे: तुमचा कॉम्प्युटर की पलीकडचा सर्व्हर?

जूनमध्ये दाखल्यांची झुंबड, जुलैमध्ये पीकविम्याची. या दिवसांत सरकारी संकेतस्थळं रडतखडत चालतात आणि केंद्रचालक बिचारा स्वतःच्या मशीनला शिव्या घालतो. ही शंका पाच मिनिटांत फिटते. इंटरनेटची वायर काढा किंवा वायफाय बंद करा. आता एखादी मोठी एक्सेल फाईल उघडा, दोन-तीन फोटो उघडा, प्रिंट द्या. हे सगळं झटपट होत असेल तर तुमचं मशीन निर्दोष आहे. मग तेच संकेतस्थळ मोबाइलवर उघडून बघा, एकदा त्याच वायफायवर आणि एकदा मोबाइलच्या डेटावर. डेटावर पळतं आणि वायफायवर अडतं, तर दोष कनेक्शनचा. दोन्हींवर अडत असेल तर दोष सर्व्हरचा, आणि त्यावर रॅमची मात्रा चालत नाही.

दुसरी एक गंमत सांगतो. कॉम्प्युटर सुरू केला की तारीख काही वर्षं मागची दिसते, आणि बँकेची किंवा सरकारी साइट “कनेक्शन सुरक्षित नाही” म्हणून उघडतच नाही. लोक याला व्हायरस समजून फॉरमॅट मारून घेतात. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, एवढंच. तिचा क्रमांक सीआर २०३२. घड्याळवाल्याकडेही मिळते. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून, ती बदलायची आणि तारीख नीट लावायची.

टास्क मॅनेजर काय सांगतो ते ऐका

मशीन खरंच जड झालं असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तुमचं रोजचं काम चालू ठेवा आणि परफॉर्मन्सच्या पानावरचे तीन आकडे बघत राहा.

- डिस्क सतत ९०-१०० टक्क्यांवर, बाकीचे दोन्ही आकडे खाली: जुनी हार्डडिस्क दमली आहे. घराघरांतल्या जुन्या कॉम्प्युटरांत हाच प्रकार सगळ्यांत जास्त दिसतो.
- मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडते. ४ जीबीवर विंडोज, क्रोमची दहा पानं आणि टॅली एकदम उघडलं की हे होणारच. मात्र मेमरी भरली की विंडोज जादा माल डिस्कवर टाकू लागतं, म्हणून डिस्कचा आकडाही चढतो. दोन्ही चढलेले दिसले तर दोन्हींकडे बघा.
- सीपीयू साध्या कामालाही १०० टक्क्यांवर: प्रोसेसर जुना झाला आहे, किंवा एखादा नको असलेला प्रोग्रॅम मागे बसून खातो आहे. त्याच खिडकीत त्याचं नाव दिसतं.

मी स्वतः यात फसलो आहे. काही वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच “रॅम टाका, पळेल” सांगितलं. मी दुप्पट रॅम टाकली, आणि सुरू व्हायला लागणारी चार मिनिटं चारच राहिली. दोष हार्डडिस्कचा होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खिशात हात घालण्याआधी

एक रविवार द्या. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप पानावरून सुरुवातीलाच उघडणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. सी ड्राइव्ह गच्च भरली असेल तर निदान पंधरा-वीस टक्के जागा मोकळी करा. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा, कारण ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर घरच्या वापराला पुरतं.

मग कॅबिनेट उघडा. आपल्याकडे रस्त्यालगतच्या गाळ्यांत धुळीचा थर असा बसतो की पंख्याची पाती दिसेनाशी होतात. प्रोसेसर तापला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, वाऱ्याने गरगर फिरू देऊ नका. पाच-सात वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्टही बदलून घ्या. यातून फरक पडला नाही तरी पुढच्या निर्णयासाठी मशीनची खरी अवस्था कळते.

पैसे घालायचेच तर या क्रमाने

माझी कसोटी साधी आहे. उद्या नवा कॉम्प्युटर घेतला तर आज घेतलेली वस्तू त्यात जाईल का? जाणार असेल तर तिच्यावर खर्च करायला फार विचार नको.

पहिली एसएसडी. हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधी साटा एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, हार्डडिस्क शे-दीडशेवर थांबते, आणि लहानलहान फाईल शोधताना तर हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. दहा-बारा वर्षांच्या बोर्डलाही साटा एसएसडी चालते. २४० किंवा २५६ जीबी कार्यालयीन कामाला पुरते. पट्टीसारखी दिसणारी एनव्हीएमई मात्र जुन्या बोर्डवर बसत नाही, आणि कार्ड लावून बसवली तरी तिच्यावरून विंडोज सुरू होईल याची खात्री नसते. साटा एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जाते, म्हणजे पैसे बुडत नाहीत. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर एसएसडीचा विचार नंतर करा, आधी आजच्या आज डेटा बाहेर काढा.

दुसरी रॅम, पण जरा थांबून. ८ जीबी ही आज आरामाची पायरी. रॅमची जात बोर्डवर ठरते: डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ नाही. म्हणजे जुन्या मशीनसाठी घेतलेली डीडीआर३ त्याच मशीनसोबत जाणार. ती घ्यायचीच तर सेकंडहँड घेतलेली बरी. रॅम सहसा बिघडत नाही, आणि दुकानात लावून तपासता येते. भावाबद्दल एक सावधगिरी: २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव भडकले, एसएसडीलाही झळ लागली. मित्राने दोन वर्षांपूर्वी केवढ्याला घेतली हे मनात धरून दुकानात जाऊ नका. त्याच दिवशी तीन ठिकाणी विचारा.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड बदलणं मात्र बहुतेकांनी टाळावं. इंटेलचे सॉकेट दर एक-दोन पिढ्यांनी बदलत गेले. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवा बोर्ड म्हणजे नवी रॅम, मग जुना एसएमपीएस पुरत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अपवाद एएमडीच्या एएम४ बोर्डाचा. पहिल्या रायझेनपासून ५००० मालिकेपर्यंतचे प्रोसेसर या एकाच सॉकेटवर आले, त्यामुळे बायोस अपडेट करून त्यावर पुढचा प्रोसेसर बसवता येतो. आधी बोर्डच्या कंपनीची यादी बघा.

अपग्रेडचा एकूण खर्च तशाच कामाच्या नव्या मशीनच्या एक-तृतीयांशाच्या वर जाऊ लागला की मी हात आखडता घेतो. हा काही नियम नाही, माझी सवय आहे.

“आय५ आहे” हे अर्धंच उत्तर

कॉम्प्युटर कोणता, असं विचारलं की लोक अभिमानाने “आय५” सांगतात. आय५ २०१० मध्येही होता. खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात असते. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, २०१२ ची. आय५-८४०० म्हणजे आठवी. आय३-१२१०० म्हणजे बारावी, आणि हा बारावीतला आय३ चौथीतल्या आय७ ला सहज मागे टाकतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या अबाउट पानावर हा आकडा लिहिलेला असतो. तो एका कागदावर उतरवा. निर्णय बराचसा त्यावरच होतो, कारण विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझेनच्या २००० मालिकेपासून पुढेच चालतं. शिवाय त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते.

- आठवी पिढी किंवा पुढे: मशीन ठेवा. एसएसडी नसेल तर टाका, रॅम ८ जीबी करा आणि विंडोज ११ घ्या. “टीपीएम नाही” असं दाखवलं तर घाबरू नका. पुष्कळदा ते बायोसमध्ये बंद असतं, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीत एफटीपीएम या नावाने. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे फुकट ॲप एका मिनिटात निकाल देतं.
- चौथी ते सातवी: इथेच खरा गोंधळ आहे. मशीन कामाला धड असतं, पण विंडोज ११ च्या यादीत नसतं. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी विंडोज १० ची जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहेत. सेटिंग्जच्या अपडेट पानावरून त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही लागत नाहीत. संस्था-कंपन्यांच्या नेटवर्कमधल्या मशीनसाठी वेगळी, पैसे भरून घ्यायची योजना आहे. एसएसडी टाकून हा अवधी वापरा आणि तेवढ्यात नव्याची तजवीज करा.
- तिसरी आणि मागची, कोअर टू ड्युओ धरून: यावर नवा पैसा घालू नका. फार तर तुमच्याकडे पडून असलेली एसएसडी लावा.

यादीबाहेरच्या मशीनवर आडवाटेने विंडोज ११ टाकून देणारे पुष्कळ आहेत. ते टाकता येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी गाणी ऐकायला ठीक. ज्यावर लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात आणि बँकेचे व्यवहार होतात, त्या मशीनवर हा खेळ नको. अपडेट नसलेल्या विंडोजचा धोका तोच: दार उघडं राहतं आणि आत काय आलं ते उशिरा कळतं.

मुलांच्या अभ्यासासाठी जुन्या मशीनवर लिनक्स मिंट टाकून बघायला हरकत नाही. ते फुकट आहे, हलकं आहे, मराठी युनिकोड व्यवस्थित चालतं आणि लिहायला लिब्रेऑफिस सोबतच येतं. टॅली, बोटांचा ठसा घेणारं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन यांवर पोट असेल तर मात्र विंडोजवरच राहा.

नवा घेतला आणि काम थांबलं

या भागावर मला जास्त बोलायचं आहे, कारण दुकानात याबद्दल कुणी विचारत नाही आणि संस्था नेमक्या इथेच अडकतात.

छोट्या पतसंस्थांत आणि सोसायट्यांत अजून फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला, काळ्या पडद्यावर चालणारा हिशेब सापडतो. डॉसच्या काळातले असे १६-बिट प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे नवं मशीन टेबलावर चकाकतंय आणि खतावणी उघडत नाही. डॉसबॉक्ससारख्या सोयीतून तो चालवता येतो, पण छपाईची रड राहते.

छपाईवरून आठवलं. पासबुक छापणारा जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर रुंद पॅरलल पोर्टवर चालत असेल, तर नव्या बोर्डवर ते पोर्ट सहसा नसतं. दूध संकलन केंद्रावर फॅट मोजणारं यंत्र किंवा वजनकाटा नऊ पिनांच्या सीरियल पोर्टने जोडलेला असतो, त्याचंही तेच. यूएसबीला जोडायचे कन्व्हर्टर मिळतात. सीरियलचे बहुधा चालतात, पॅरललचे कधी चालतात, कधी नाही. विकत घेण्याआधी स्वतःचं यंत्र लावून बघा. सकाळी साडेसहाला कॅनची रांग लागलेली असताना हा प्रयोग करायचा नसतो.

डीटीपीवाल्यांची गोष्ट वेगळी. श्रीलिपीसारख्या पॅकेजच्या जुन्या आवृत्तीचा परवाना डोंगलमध्ये असतो. तो डोंगल नव्या विंडोजवर ओळखला जाईल का, हे कंपनीला फोन करून आधी विचारा. जुन्या फाँटमधल्या पत्रिका आणि अहवाल युनिकोडमध्ये नसतात, फाँट गेला की अक्षरांचा काला होतो. म्हणून फाँटचा फोल्डर फाईलींच्याही आधी कॉपी करा.

उपाय एकच आणि कंटाळवाणा. जुनं मशीन बाजूला न काढता महिनाभर नव्याशेजारी ठेवा. एखादं सॉफ्टवेअर जुन्यावरच चालणार असेल तर त्याचं इंटरनेट तोडून त्याला तेवढ्याच कामाला जुंपा.

सेकंडहँड बाजारात

पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मशीन आणणारे आपल्याकडे बरेच आहेत. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेली ब्रँडेड मशीनं धडधाकट असतात, हे खरं. पण पिढी आठवीच्या आतली असेल तर स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू पुन्हा त्याच पेचात टाकते. पैसे देण्याआधी:

- पिढीचा आकडा स्वतः पडद्यावर बघा, पेटीवरच्या स्टिकरवर जाऊ नका.
- क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवा. डिस्क किती तास चालली आणि तिची तब्येत काय, दोन्ही कळतं.
- अर्धा तास चालू ठेवा. पंखा किंचाळतो का, मशीन आपोआप बंद पडतं का, ते बघा.
- वॉरंटी किती दिवसांची आणि कशाकशाची, हे बिलावर लिहून घ्या. बिघडलं तर नगरहून पुणे साधारण १२० किलोमीटर, अकोले-जामखेडकरांना त्याहून जास्त हेलपाटा. वाचलेले पैसे एसटीत जाऊ शकतात.

नवा घेताना

मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस चांगले असतील तर फक्त कॅबिनेट घ्या. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या मशीनला ते आहे का, की कन्व्हर्टर लागेल, ते विचारा. ब्रँडेड घेत असाल तर “ऑनसाइट” वॉरंटीत तुमचं गाव येतं का, हे तुमचा पिनकोड सांगून विचारा. असेंबल घेत असाल तर प्रत्येक भागाचं नाव आणि सीरियल नंबर बिलावर हवा. विंडोज परवान्याचं आहे की “टाकून दिलेलं”, हेही. आणि यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. वीज झपकन गेली की कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो, फाईली आणि विंडोज तिथेच खराब होतात. गावात वीज फार जात असेल तर डेस्कटॉपऐवजी लॅपटॉपचाही विचार करा.

तुमचे हक्क

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये काही गोष्टी स्पष्ट आहेत. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. “एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही.

आधी दुकानदाराला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर कळवलं तरी तो मजकूर जपून ठेवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दुकान पुण्यात असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. व्यापारी कारणासाठी खरेदी केली तर ग्राहक धरत नाहीत, पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून छोटं केंद्र चालवणाऱ्याला कायद्याने यातून सूट आहे. केंद्रचालकांनी “आपण धंदेवाले, आपल्याला लागू नाही” म्हणून गप्प बसू नये.

दुरुस्तीला देताना मशीनमध्ये काय काय आहे त्याची पावती घ्या. बदललेले जुने भाग तुमचे आहेत, ते मागून घ्या. जुनी हार्डडिस्क तर नक्कीच.

जुन्या मशीनची वाट लावताना

डिलीट केलेली फाईल परत काढता येते. फॉरमॅट मारला तरी पुष्कळदा काढता येते. केंद्राच्या मशीनवर गावभरच्या लोकांचे आधार, पासबुकं, उतारे असतात. डिस्क भंगारात द्यायचीच नाही. ती काढून ठेवा, किंवा ड्रिलने तबकडीला आरपार भोकं पाडा. बाकीचं मशीन चालू असेल आणि शाळेला द्यायचं असेल तर आधी शाळेला विचारा. बंद पडलेले डबे देणगी म्हणून गेले की ते वर्गाच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतात. अगदीच निकामी असेल तर ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे किंवा उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्राकडे द्यावं. वायरी जाळून तांबं काढणाऱ्याला नको.

आणि कॅबिनेट उचलून देण्याआधी त्याच्या मागच्या बाजूला एकदा हात फिरवा. डोंगल बहुतेक वेळा तिथेच लावलेला राहतो.